फक्कीची घरं

कुणाच्याही घरी पाऊल टाकलं की साहेब आधी स्वयंपाकघरात शिरायचे. यजमान बैठकीत सतरंजी झटकून वाट पाहतोय आणि हे जोडे काढून सरळ आत. चुलीपाशी बसलेली बाई पदर सावरत उठेपर्यंत यांनी धूर कुठून जातो, पाण्याचा रांजण कुठल्या कोपऱ्यात आहे, भाकरी थापताना उजेड पुढ्यात येतो की पाठीवर, एवढं सगळं पाहून घेतलेलं असे. मग बाहेर येऊन ते म्हणत, "घर छान आहे हं तुमचं. फक्त जी त्यात दिवसभर राबते तिला काही दिसत नाही." गावातल्या एका वकिलांनी यावरून त्यांना पुन्हा चहाला बोलावलं नाही. दुसऱ्या एकानं मात्र आठवड्याच्या आत गवंडी बोलावून भिंतीला खिडकी पाडली.

आमचं गाव वाशीम आणि कारंज्याच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण तेव्हाच्या कमिटीवाल्यांची नातवंडं अजून तिथंच नांदताहेत आणि माझं त्यांच्याशी बरं आहे. गावाला कापसातली सरकी काढायचे दोन जिन होते, मंगळवारचा बाजार होता, एक लहानशी म्युनिसिपालिटी होती आणि तिची मुलींची शाळा होती. त्या शाळेत मी शिकवत असे. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, लोकांचं बोलणं सोसून मला अमरावतीला ट्रेनिंगला धाडलं होतं. गाव मला नुसतं 'बाई' म्हणे.

साहेब मला पहिल्यांदा भेटले ते भर वर्गात. दारात एक उंच, वाळका गृहस्थ येऊन उभा राहिला. अंगात कोट, पायात कऱ्हाडी वहाणा, काखेत छत्री. तो माझ्याकडे न बघता फळ्याकडे बघत होता. मग आत आला, फळ्याचा एक पाय स्वतः धरला आणि मला म्हणाला, "बाई, जरा तिकडून धरा." मी धरला. आम्ही दोघांनी फळा बाजूच्या भिंतीशी नेऊन ठेवला. "आता दिसतंय का गं?" त्यानं मागच्या बाकावरच्या मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या, दिसतंय. तो निघून गेला. मी त्याच खोलीत कितीतरी महिने शिकवत होते आणि मागच्या मुली डोळे बारीक करून बघतात याचा अर्थ त्या आळशी आहेत असा मी लावला होता. फळ्यावर खिडकीची तिरीप पडत होती, एवढंच कारण होतं.

हे गृहस्थ गावात आले ते आगीमुळे. एका उन्हाळ्यात जिनामागच्या नाल्याकाठची वस्ती जळाली. पऱ्हाटीच्या काड्यांचे कूड, गवताची छपरं. दुपारच्या वाऱ्यात कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली आणि पाणी आणायला पळालेल्या बाया परत येईपर्यंत सगळी राख झाली. जिनात काम करणारी, गावाचे रस्ते झाडणारी आणि कापूस पिंजणारी माणसं होती ती. माणूस एकही दगावला नाही, पण उभं राहायला छप्पर उरलं नाही. त्यांना बाजाराच्या ओट्यांवर आणून बसवलं. मंगळवार आला की त्यांनी संसार गुंडाळून बाजूला व्हायचं, आणि बाजार उठला की भाजीच्या कचऱ्यात पुन्हा चूल मांडायची.

वरून हुकूम आला की म्युनिसिपालिटीनं या लोकांना पक्की घरं बांधून द्यावीत. नकाशे काढायला नागपूरहून माणूस नेमला, तो हा. मूळचा कोकणातला, मुंबईला शिकलेला. कारंज्यापर्यंत छोट्या आगगाडीनं आणि पुढं सर्व्हिस मोटारीनं, मांडीवर कागदाच्या पुंगळ्या घेऊन आला. कमिटीला वाटलं, पंधरा दिवसांत एक लांबलचक चाळ काढून देईल आणि परत जाईल. कंत्राटदारानं तसा एक नकाशा करूनही ठेवला होता: एकाला एक लागून खोल्या, पुढं एक दार, मागं कोरी भिंत.

साहेबांनी तो नकाशा पाहिला आणि विचारलं, "शेळी कुठं बांधायची?"

अध्यक्ष जुने मालगुजारी थाटाचे, तोंडात पान. ते म्हणाले, "साहेब, मानसायची सोय पाहा आधी. शेळीचं कायले?"

"शेळी घरात आली तर माणूस बाहेर जाईल," साहेब म्हणाले. "म्हणून आधी शेळी."

आणि खरंच, त्यांच्या नकाशात शेळी असे. मी असले नकाशे आधी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिले नाहीत. पांढुरक्या, कडक ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं केसासारख्या बारीक रेघा. भिंती, दारं, खिडक्या. आणि मध्येच दाव्याला बांधलेली एक शेळी, तिच्या दाढीसकट. जात्याची जागा असेल तिथं जातं. तुळईला पाळणा. पाळण्यात इवलं मूल. जिल्ह्याच्या इंजिनिअरानं हे पाहून एकदा चिठ्ठी चिकटवून पाठवली की सरकारी नकाशात जनावरं काढू नयेत. साहेबांनी नव्या प्रतीत शेळीजवळ एक करडू वाढवलं.

कमिटीनं नापास केलेले नकाशे ते फेकत नसत. ते कापड पाण्यात भिजवलं की त्याची खळ निघून जाते आणि आतून मऊ, झुळझुळीत सुती कापड निघतं. साहेब ते धुऊन, कात्रीनं चौकोनी कापून, माझ्या वहिनीकडून कडा शिवून घेत आणि रुमाल म्हणून वापरत. भर सभेत अध्यक्षांसमोर नाक पुसून ते म्हणत, "तुमची मार्चमधली सूचना. फार उपयोगी पडली."

माझा त्यांच्या कामाशी संबंध आला तो असा. बाजारात जाऊन ते बायांना विचारायला लागले, तर बाया तोंड फिरवून बसत. परक्या कोटवाल्याशी कोण बोलणार? एके दिवशी शाळा सुटताना ते फाटकात उभे होते. "बाई, संध्याकाळच्या तुम्ही मला उसन्या मिळाल तर बरं होईल," ते म्हणाले. "मला जे विचारायचंय ते मला विचारता येत नाही."

घरी वहिनीनं कपाळाला हात लावला. "परक्या मानसासंगं गावभर हिंडान, तर लोक काय म्हनतीन?" दादा मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोपी घालून आमच्याबरोबर निघाला. राखण करायला आलेला माणूस तो. साहेबांनी त्याच्या हातात मापाच्या फितीचं एक टोक दिलं आणि "ताणून धरा हं" म्हणून पुढं गेले. पुढं कितीतरी संध्याकाळी दादा आमच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसलेला असे, फीत खिशात.

बाजारात आमचं पहिलं बोलणं झालं ते गिरजाशी. गिरजा सकाळी रस्ता झाडी आणि दुपारी जिनात सरकी उपसे. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. तिनं माझ्याकडं आणि मागं छत्री घेऊन उभ्या असलेल्या साहेबांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"घर कसं पाहिजे ते विचारताहेत," मी म्हटलं.

"आमाले कोन इचारते, माय?" ती म्हणाली. "देतीन तसं राहू."

साहेबांनी मला हळूच सांगितलं, "असं नका विचारू. जळालेल्या घरात तिला काय आवडत होतं ते विचारा."

मी विचारलं. गिरजानं ओट्यावर नीट मांडी घातली. मग जी बोलायला लागली ती दिवेलागणीपर्यंत. नाल्याकडून वारा यायचा तो, चुलीमागं लिंबाच्या झाडाची सावली यायची ती, पोरींना न्हाऊ घालायला तिनं फरशीचा तुकडा बसवला होता तो. शेजारच्या ओट्यावरची हमीदाबी, पिंजाऱ्याची बायको, ऐकत होती. ती आपण होऊन सरकली आणि म्हणाली, "बाई, साहेब को बोलो, आमने-सामने दरवाजे मत रखना. हम दिनभर परदाच खींचते बैठें क्या?" साहेब खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यामुळं गाव त्यांना 'फक्कीसाहेब' म्हणू लागलं. नकाशा कागदावर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. "कागदावर मला कळतो. राहायचं तिला आहे." वस्तीसाठी ठरलेल्या माळावर त्यांनी चुन्याच्या फक्कीनं घर आखलं, खरोखरच्या घराएवढं. भिंतींच्या पांढऱ्या जाड रेघा, दारांच्या जागा मोकळ्या, चुलीच्या जागी तीन दगड, मागच्या अंगणात एक खुंटी. लोक गोळा झाले. कुणी विचारलं, "हुतूतूचे सामने हायेत काय, बाप्पा?"

बाजारातल्या बाया आल्या. गिरजा सरळ रेघ ओलांडून चुलीपाशी गेली.

"बाई, तुम्ही भिंतीतून आलात," साहेब गंभीरपणे म्हणाले. "दारातून या."

गिरजा थबकली. पायाखाली पाहिलं. मग बाहेर गेली, वळसा घालून दारापाशी आली, तिथं उगीच पाय पुसले आणि आत आली. सगळ्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. पण त्यानंतर एकीनंही भिंत तुडवली नाही. पोरं आडवी धावायला लागली की त्याच ओरडत, "अरे, भिताड हाये नं थे."

गिरजा चुलीच्या दगडांशी बसून पाहू लागली. डावीकडं वळली, उजवीकडं वळली. "पुढं ओटा मोठा पायजे," ती म्हणाली. "सांजीले मानसं कुठी टेकतीन? घरातच येऊन पडतीन." साहेबांनी वहाणेनं एक रेघ पुसली आणि चाळणीच्या डब्यातून फक्की सोडत नवी रेघ ओढली. हमीदाबीच्या रांगेची दारं समोरच्या दारांपासून सरकली. न्हाणी मागं गेली. अंधार पडायच्या सुमाराला साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत पांढरी झाली होती आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की दादा मला म्हणाला, "या मानसाचंच घर बांधून राह्यले जसं."

कमिटीला पटवायचं मात्र बाकी होतं. घरं मोठी झाली, अंगण कशाला, हे चालूच होतं. साहेबांनी भांडण केलं नाही. सगळ्या सभासदांना त्यांनी माळावर चहाला बोलावलं. आपल्या आखलेल्या घराशेजारी त्यांनी कंत्राटदाराच्या चाळीतली एक खोलीही आखली होती. त्या खोलीत सतरंजी घातली, कोपऱ्यात पेटती शेगडी ठेवली, एक रांजण, एक जातं, एक खाट. "या, बसा," म्हणाले. "सहाजणांच्या कुटुंबासाठी आहे, आपणही तेवढेच आहोत."

अध्यक्ष बसले तर त्यांचा गुडघा वकिलांच्या गुडघ्याला लागला. शेगडीचा धूर वाऱ्यानं तोंडावर आला. एकाला पान थुंकायला बाहेर जायचं होतं. दारापर्यंत वाट द्यायला तिघांना उठावं लागलं. सवयीनं तो भिंतीवरून जायला निघाला तर साहेब म्हणाले, "तिथं भिंत आहे." तो परत फिरला. माळाच्या कडेला बाया उभ्या राहून पाहत होत्या, त्यामुळं कुणाला चिडताही येईना.

"साहेब, तुमी आमाले कोंडून राह्यले," अध्यक्ष शेवटी म्हणाले.

"कोंडायला भिंती कुठं आहेत, अध्यक्षसाहेब?" साहेब म्हणाले. "नुसती फक्की आहे. तरी गुदमरलं ना?"

अध्यक्षांनी कपातला चहा संपवला. मग उठून, दारातून बाहेर पडून, शेजारच्या घरात दारातून शिरले. ओट्यावर उभे राहिले, मागच्या अंगणात गेले, खुंटीकडं पाहिलं. "हे शेळीचं काय?" त्यांनी विचारलं. साहेबांनी मान डोलावली. "बरं," अध्यक्ष म्हणाले. त्याच बैठकीत नकाशा मंजूर झाला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पाया खणायच्या आतच युरोपात लढाई पेटली. छपराचे पत्रे दिसेनासे झाले, लोखंड मिळेना, आणि वरून येणारी मदत निम्म्यावर आली. कमिटीनं साहेबांना सांगितलं, प्रत्येकाला एकच खोली द्या, सगळे बसतील. साहेब पेटले. त्यांचा असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. "घर काढलंय ते घर बांधा. अर्धं घर मी काढत नाही." शेवटी असं ठरलं की घरं नकाशाबरहुकूम बांधायची, पण निम्म्याच कुटुंबांसाठी. उरलेल्यांचं पुढं पाहू. साहेबांना यात आपण जिंकलो असं वाटलं. बायांना सांगायला ते मला घेऊन बाजारात गेले.

त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आता ते बायांशी थेट बोलत असत. गिरजा शेंगा निवडत होती. तिनं हात थांबवला.

"मंग अर्ध्यायले घर अन् अर्धे इथंच," ती म्हणाली.

"काही दिवस."

"कोनाले नाई म्हनान, साहेब?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं. "तुमीच सांगा. हमीदाबीले नाई म्हनान, का मले?"

हमीदाबी खाली पाहत होती. साहेब छत्री उचलून निघाले.

पुढं काही दिवस ते खोलीबाहेर पडले नाहीत. डबा घेऊन जाणाऱ्या पोरानं सांगितलं, साहेब जेवत नाहीत. मग दादा आणि मी गेलो. खोलीभर नकाशे पसरलेले, पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली.

"बाई, तिच्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही," ते म्हणाले. "मला माझं घर हवं होतं. चांगलं, पुरं, बघणाऱ्यानं मान डोलवावी असं. ते वाचवायला मी निम्मी माणसं खोडली."

दादा दारातच उभा होता. तो नकाशे न तुडवता आत आला, डबा उघडला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "खाऊन घ्या," तो म्हणाला. "उपाशी मानसाले रेघ वाकडी येते." साहेब जेवले.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी जो नकाशा केला तो मला वाटतं त्यांचा सगळ्यात चांगला. प्रत्येक कुटुंबाला एक खोली आणि ओटा. पण जोतं दोन खोल्यांचं, आत्ताच पक्कं बांधलेलं. मधल्या भिंतीत दाराची जागा आणि वरची तुळई आत्ताच बसवायची आणि ती जागा कच्च्या मातीच्या विटांनी बुजवून ठेवायची. ज्याला जमेल त्यानं, जमेल तेव्हा, जोत्यावर दुसरी खोली उभारावी, कच्च्या विटा काढाव्या आणि आत जावं. अंगण कायम. खुंटी कायम.

कमिटीत अध्यक्षांनी चष्मा लावून नकाशा पाहिला. "तुमी तं म्हनले होते, अर्धं घर काढत नाई. मंग आता काहून?"

"तेव्हा माझं चुकलं होतं," साहेब म्हणाले.

बैठकीत टिपणं लिहायला मला बसवलं होतं, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं. कोटवाल्या माणसानं भर सभेत, कुणी भाग पाडलेलं नसताना, असं म्हणावं, हे त्या खोलीत नवीन असावं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "घ्या लिहून, बाई. मंजूर."

घरं झाली. साहेब रोज उन्हात उभे राहून गवंड्याच्या ओळंब्याला डोळा लावत. माणसं राहायला गेली त्या दिवशी मात्र ते वस्तीत फिरकले नाहीत. आम्ही बोलवायला गेलो तर म्हणाले, "आता ती त्यांची झाली. आपण कशाला मध्ये?" आणि दोन दिवसांनी, कुणाला फारसं न सांगता, कागदाच्या पुंगळ्या मांडीवर घेऊन मोटारीत बसले. दादा शेलूबाजारपर्यंत सोडायला गेला. परत आल्यावर वहिनीनं विचारलं, काय म्हणाले, तर म्हणाला, "काई नाई. मोटारीतल्या खिडक्या उलट्या बाजूले हायेत म्हने."

लढाई संपली आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात ते एकदा आले. अनसिंगकडं कसल्या तरी शाळेचं काम होतं, जाताना उतरले. केस पांढरे झाले होते, चालताना दम लागत होता. मी म्हटलं, वस्तीत चला. नको नको म्हणत आले.

रांगेत शिरलो तर दोन घरं सारखी नव्हती. कुणी जोत्यावर मातीची खोली उभारली होती, कुणी बांबूच्या तट्ट्याची. कुणी तिथं नुसता मांडव घालून दोडक्याचा वेल चढवला होता. हमीदाबीच्या नवऱ्यानं दुसऱ्या खोलीत पिंजण लावलं होतं आणि दारातून कापसाचे पांढरे तंतू उडत होते. साहेब प्रत्येक घरासमोर थांबत, पाहत आणि पुढं जात.

गिरजा ओट्यावर उभी होती. तिची दुसरी खोली नुकतीच झाली होती. थोरली लेक बाळंतपणाला येणार म्हणून तिनं आणि धाकटीनं मिळून भिंती घातल्या होत्या. तिनं साहेबांना ओळखलं. "दारातून या, साहेब," ती म्हणाली, आणि साहेब हसले.

आज मात्र ते चुलीकडं गेले नाहीत. गिरजा त्यांना सरळ मधल्या दारातून आत घेऊन गेली. नव्या खोलीत शेणानं सारवलेली ओलसर जमीन, मागच्या अंगणाकडून येणारा वारा. तिनं घोंगडी टाकली. "टेका जराक. लय चालले."

साहेब बसले. भिंतीला पाठ लावली. मी आणि गिरजा चहा ठेवायला पुढच्या खोलीत आलो. तिच्या लेकीला कितवा महिना आहे, जावई कसा आहे, असं बोलणं चाललं. चहा उकळला तेव्हा मी कप घेऊन आत गेले.

साहेब कुशीवर वळून, कोटाची उशी करून, गाढ झोपले होते. मी वळले तर गिरजा दारात उभी. तिनं कप माझ्या हातातून घेतला आणि झाकून ठेवला. ओट्यावर पोरं गलका करत होती. ती बाहेर गेली आणि तिचा दबका आवाज मला ऐकू आला.

"हळू बोला रे. घरात मानूस झोपलं."